किल्ल्या कोणाच्या कमरेला? वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराबद्दल

सलाम. आजोबांच्या ट्रंकेत दोन छोटी इंग्रजी पुस्तकं सापडली, दोन्हींवर नाव एकच, वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चने काय मानायचं ते प्रकरणवार मांडणारा सतराव्या शतकातला कागद. पण तेविसाव्या प्रकरणाचा तिसरा परिच्छेद काही जुळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. एका पुस्तकात मुलकी सत्ताधाऱ्याला सिनड, म्हणजे चर्चची धर्मसभा, बोलावण्याचा, तिथे स्वतः हजर राहण्याचा आणि पाखंड मोडून काढण्याचा अधिकार दिलाय. दुसऱ्यात यातलं काहीच नाही. ही छपाईची चूक का, असा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा जरा चिडून विचारलेला: देवाच्या गोष्टींच्या कागदात हा सरकारी माणूस शिरलाच कशाला?

चूक नाही. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. पाळक, म्हणजे धर्मगुरू, होऊ घातलेल्या मुलामुलींना मी बरीच वर्षं मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवला. या विषयावरच्या उत्तरपत्रिका दोनच प्रकारच्या यायच्या. निम्मी मुलं लिहायची, "हे सगळं राजकारण होतं." उरलेली लिहायची, "हे सगळं पवित्र आत्म्याने घडवून आणलं." मी दोघांचेही गुण कापायचो, कारण दोघांनीही मूळ मजकूर उघडलेला नसायचा.

मजकूर उघडला की पहिली गोष्ट दिसते ती ही. एकूण ३३ प्रकरणं. देव, सृष्टी, पाप, कृपा, विश्वासाने नीतिमान ठरणं, या प्रकरणांवर ते लिहिणारे लोक मुळात बऱ्यापैकी एकमताचे होते. शब्दांचा कीस पाडला, पण डोकी फुटली नाहीत. डोकी फुटायची वेळ आली ती किल्ल्यांवरून. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू पेत्राला म्हणतो ना, स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मी तुला देईन, त्याच किल्ल्या. व्यवहारात त्यांचा अर्थ एवढाच: प्रभूच्या मेजाला, म्हणजे प्रभुभोजनाच्या विधीला, कोणाला बसू द्यायचं, कोणाला उठवायचं, आणि एखाद्याला मंडळीबाहेर काढायचं असेल तर शेवटचा शब्द कोणाचा? आपल्याकडे जुन्या घरात किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे हे बघितलं की घर कोण चालवतं ते विचारावं लागत नसे. सतराव्या शतकातल्या इंग्लंड-स्कॉटलंडचं भांडण याच जुडग्याचं होतं, आणि त्याचे दावेदार होते चार.

पहिला दावेदार राजा. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये कायदा करून स्वतःला मंडळीचा मस्तक ठरवलं. पोप गेला, पण बिशप राहिले. फक्त ते आता राजाने नेमलेले. धर्मसुधारणा, म्हणजे पोपपासून फुटणं, वरून खाली आली. स्कॉटलंडमध्ये नेमकं उलटं झालं. तिथे १५६० मध्ये सुधारणा झाली ती राणीच्या घराण्याच्या मर्जीविरुद्ध, सरदार आणि उपदेशक यांनी मिळून केलेली. त्यामुळे तिथल्या मंडळीला राजाशिवाय जगायची सवय लागली. पाळक आणि वडील (मंडळीतले निवडलेले ज्येष्ठ) यांच्या सभा, त्यांच्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांची सभा, सगळ्यांवर जनरल असेंब्ली. हीच प्रेस्बिटेरियन पद्धत. १५९६ मध्ये अँड्र्यू मेलव्हिल नावाच्या धर्मपंडिताने सहाव्या जेम्स राजाची बाही धरून त्याला तोंडावर ऐकवलं होतं की स्कॉटलंडात दोन राजे आणि दोन राज्यं आहेत, आणि ख्रिस्ताच्या राज्यात तू राजा नाहीस, नुसता सभासद आहेस. हाच जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्याही गादीवर आला. पुढच्याच वर्षी हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत प्युरिटन लोकांसमोर (इंग्लंडच्या मंडळीत अजून सुधारणा हवी म्हणणारे ते) त्याच्या तोंडून जे निघालं ते प्रसिद्ध आहे: बिशप नाही तर राजाही नाही. मेलव्हिलने धरलेली बाही त्याच्या लक्षात राहिली असावी, असं मला नेहमी वाटतं.

मुलगा चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. बायको फ्रान्सची, कॅथलिक. १६२९ पासून ११ वर्षं त्याने पार्लमेंटच बोलावलं नाही. विल्यम लॉडला त्याने १६३३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप केलं. लॉडने काय केलं, तर प्रभुभोजनाचं मेज मंडळीच्या मधून उचलून पूर्वेच्या भिंतीशी नेलं आणि पुढे कठडा घातला. आज हे वाचताना वाटतं, मेज इकडे की तिकडे, काय बिघडतं? पण कठड्याच्या आत पाळक आणि बाहेर लोक, म्हणजे पुन्हा वेदी, पुन्हा याजक, पुन्हा रोम, असं प्युरिटनांनी त्यातून वाचलं. त्याच वर्षी राजाने रविवारच्या खेळांना मोकळीक देणारं फर्मान पुन्हा काढलं आणि ते पाळकांनी पुलपिटावरून वाचून दाखवावं असा हुकूम झाला. तुमच्या पुस्तकातलं २१वं प्रकरण काढा. प्रभूचा दिवस पाळण्याबद्दल इतकं कडक, "खेळ-करमणूकसुद्धा नको" असं बजावणारं लिखाण का आलं, ते या फर्मानाशेजारी ठेवून वाचलं तरच कळतं. आपल्या मंडळ्यांत रविवारी क्रिकेट खेळायचं नाही म्हणून लहानपणी ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्या पाठीवरच्या वळाचं मूळ तिथवर जातं. (मीही त्यातलाच.)

१६३७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये बिशपांविरुद्ध पत्रकं लिहिली म्हणून प्रिन, बर्टन आणि बास्टविक या तिघांचे भर चौकात कान कापले. त्यातला एक वकील, एक पाळक, एक वैद्य. म्हणजे शिक्षा नुसत्या चळवळ्यांना नव्हती, सुशिक्षित घरांना होती. आणि २३ जुलैला एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये राजाने लादलेलं नवं उपासना-पुस्तक वाचायला सुरुवात होताच दंगल उसळली. एका बाईने बसायचं स्टूल वाचणाऱ्याच्या अंगावर भिरकावलं. तिचं नाव परंपरेने जेनी गेडीस सांगतात. पुढच्या फेब्रुवारीत ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये या लादण्याला विरोध करणाऱ्या राष्ट्रीय करारावर सह्या सुरू झाल्या, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भरलेल्या ग्लासगोच्या असेंब्लीने बिशपच रद्द करून टाकले. राजाने फौज आणली. पण फौजेला पैसा लागतो, पैशाला पार्लमेंट लागतं. ११ वर्षं न बोलावलेलं पार्लमेंट त्याला १६४० मध्ये दोनदा बोलवावं लागलं, आणि दुसऱ्यांदा आलेलं काही केल्या हलेना.

इथे दुसरा दावेदार येतो: पार्लमेंट. एक गोष्ट मुलांच्या डोक्यात शिरायला वेळ लागायचा, म्हणून मुद्दाम सांगतो. पार्लमेंटवाले राजाच्या विरोधात होते म्हणजे मंडळीच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे होते असं नाही. त्यांना जुडगा राजाच्या कमरेवरून सोडवायचा होता, तो स्वतःच्या कमरेला लावण्यासाठी. ऑगस्ट १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. जून १६४३ मध्ये पार्लमेंटने वटहुकूम काढून धर्मपंडितांची सभा बोलावली: १२१ धर्मपंडित, आणि त्यांच्यासोबत बसायला १० लॉर्ड आणि २० खासदार. राजाने तिला बंदी घातली, त्यामुळे राजाच्या बाजूचे जवळजवळ कोणी आलेच नाहीत. सभेचं काम वटहुकुमातच स्पष्ट होतं: पार्लमेंट विचारील त्यावर सल्ला द्यायचा, अधिकार काही नाही. सभासदांना रोजचे चार शिलिंग भत्ता ठरला, आणि तोही वेळेवर मिळत नसे. म्हणजे ही मंडळीची सिनड नव्हती. युद्धात उतरलेल्या सरकारने नेमलेली सल्लागार समिती होती. सभा पहिल्यांदा भरली १ जुलै १६४३ ला, वेस्टमिन्स्टर ॲबीत. थंडी पडू लागल्यावर शेजारच्या जेरुसलेम चेंबरमध्ये हलली, कारण तिथे शेकोटी होती. रॉबर्ट बेली या स्कॉटिश पाळकाने घरी लिहिलेल्या पत्रांत त्या शेकोटीचं कौतुक केलंय. त्याची पत्रं नसती तर या सभेचा निम्मा इतिहास आपल्याला कळला नसता.

सभेपुढचं सुरुवातीचं काम माफक होतं: इंग्लंडच्या मंडळीच्या जुन्या ३९ कलमांची डागडुजी. पहिल्या १५ कलमांपर्यंत ते पोचले आणि तिथेच थांबले. कारण रणांगण. सभा भरण्याच्या आदल्याच दिवशी यॉर्कशरमध्ये अ‍ॅडवॉल्टन मूरला पार्लमेंटची फौज हरली होती. जुलै संपेपर्यंत राउंडवे डाउनला हरली, ब्रिस्टल शहर गेलं. आता वाचवू शकेल असा एकच शेजारी होता, स्कॉटलंड. त्याच्याकडे फौज होती, आणि फौजेची किंमत त्याला पैशातच नव्हे तर धर्मातही हवी होती.

ऑगस्टमध्ये पार्लमेंटचे वकील, म्हणजे प्रतिनिधी, एडिनबरोला गेले, त्यांत धाकटा हेन्री व्हेन. तिथे जे झालं ते मराठीत सांगायला सोपं आहे, कारण आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजांना हवा होता तह. स्कॉट लोकांना हवा होता करार. तह म्हणजे राजा-राजांचा, फौजफाट्याचा, उद्या मोडता येणारा. करार म्हणजे जुना करार, नवा करार यातला. देवाला साक्षी ठेवलेला, मोडला तर शाप लागणारा. बेलीने स्वतः हा फरक अगदी याच अर्थाने नोंदवलाय. शेवटी कागदाला दोन्ही नावं दिली गेली. त्यात इंग्लंडच्या मंडळीची सुधारणा "देवाच्या वचनाप्रमाणे, आणि सर्वोत्तम सुधारलेल्या मंडळ्यांच्या उदाहरणाप्रमाणे" होईल असं ठरलं. स्कॉट लोकांनी वाचलं, "म्हणजे आमच्यासारखी." व्हेनने "देवाच्या वचनाप्रमाणे" हे शब्द आत राहतील याची काळजी घेतली, कारण वचनाचा अर्थ काय यावर उद्या वाद घालता येतो. एका ओळीत दोन घरं बसवली होती. २५ सप्टेंबरला खासदार आणि सभा यांनी सेंट मार्गारेट चर्चमध्ये हात वर करून शपथ घेतली. जानेवारी १६४४ मध्ये सुमारे २०,००० स्कॉट सैनिक ट्वीड नदी ओलांडून इंग्लंडात उतरले. त्यांच्या खर्चाला महिन्याकाठी ३०,००० पौंड द्यायचं पार्लमेंटने कबूल केलं होतं.

विश्वासांगीकाराचा जन्म हा असा. डागडुजीचं काम बाजूला पडलं आणि दोन्ही राज्यांसाठी एकच अंगीकार, एकच उपासना-पद्धती, एकच प्रश्नोत्तरावली, एकच शासन, असा चौपदरी कार्यक्रम आला. आणि तिसरा दावेदार सभेत येऊन बसला: अलेक्झांडर हेंडरसन, सॅम्युअल रदरफोर्ड, जॉर्ज गिलेस्पी आणि आपला बेली. ते सभासद झाले नाहीत, आपल्या देशाचे वकील म्हणून बसले. मत नाही, पण मागे वीस हजारांची फौज. त्यांचं म्हणणं मेलव्हिलचंच: किल्ल्या ख्रिस्ताने मंडळीच्या पाळक-वडिलांना दिल्या आहेत, राजालाही नाही आणि पार्लमेंटलाही नाही. त्यांच्या सोबतच्या मुलकी वकिलांत जॉन मेटलंड नावाचा तरुण सरदार होता. करारावर शपथ घेणारा हा माणूस राजा परत आल्यावर लॉडरडेलचा ड्यूक झाला आणि त्याच्याच कारभारात करारवाल्यांचा सर्वांत जास्त छळ झाला. असे लोक प्रत्येक चळवळीत असतात. नावं आपली आपण भरावीत.

चौथे दावेदार संख्येने थोडे, पण पुढे सर्वांत भारी पडलेले. टॉमस गुडविन, फिलिप नाय आणि त्यांचे तीन साथीदार. त्यांचं मत असं की किल्ल्या प्रत्येक स्थानिक मंडळीच्या हातात; वरची प्रेस्बिटरी सल्ला देईल, हुकूम नाही. सभेत हे पाच जण म्हणजे कोपऱ्यातले विरोधक. पण पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल याच्या फौजेत याच मताचे लोक भरलेले होते. जून १६४५ मध्ये नेझबीला नव्या फौजेने राजाचा कणा मोडला आणि त्या दिवसापासून स्कॉट फौजेची गरज कमी कमी होत गेली. विश्वासांगीकारावरची मुख्य चर्चा झाली ती १६४५ आणि १६४६ मध्ये. म्हणजे ज्यांच्यासाठी तो लिहायला घेतला, त्यांचं वजन उतरत असताना.

पार्लमेंटचं खरं रूप दिसलं ते १६४६ मध्ये. मार्चमध्ये त्याने प्रेस्बिटेरियन पद्धत मान्य केली, पण मेजावरून कोणाला उठवायचं याचे वाद शेवटी पार्लमेंटने नेमलेल्या माणसांकडे जातील अशी पाचर मारून ठेवली. सभेने अर्ज करून विरोध केला. खासदारांनी उलट ठराव केला की हा अर्ज म्हणजे पार्लमेंटच्या हक्कांचा भंग आहे, आणि एप्रिलअखेरीस सभेला नऊ प्रश्न धाडले: मंडळीचं शासन देवाच्या हुकमाने ठरलेलं आहे म्हणता, तर शास्त्रवचन दाखवा, आणि उत्तराखाली प्रत्येकाने आपापली सही करा. आपल्याकडे याला खुलासा मागवणं म्हणतात. जॉन सेल्डन हा हिब्रू जाणणारा खासदार तर सभेत बसून पंडितांची खिल्ली उडवायचा, की तुमच्या त्या सोनेरी कडांच्या खिशातल्या बायबलात तसं असेल, मूळ ग्रीक-हिब्रूत नाही. त्या नऊ प्रश्नांची उत्तरं कधी पुरी झालीच नाहीत. मे महिना उजाडताच राजा स्कॉट छावणीत येऊन शरण गेला आणि पार्लमेंटला एकाएकी या पंडितांशी गोड बोलावंसं वाटू लागलं.

आता या पार्श्वभूमीवर तुमचा परिच्छेद वाचा. तीसाव्या प्रकरणाची पहिली ओळ सांगते की प्रभू येशू हा मंडळीचा राजा आणि मस्तक असून त्याने तिचं शासन मंडळीच्या अधिकाऱ्यांच्या हाती दिलं आहे, आणि ते मुलकी सत्तेहून वेगळं आहे. सभेने हे पार्लमेंटच्या तोंडावर लिहिलं, चार शिलिंगांची थकबाकी असताना. ही हिंमत राजकारणाने येत नाही. पण तेविसाव्या प्रकरणात काय आहे? सत्ताधाऱ्याने वचन, संस्कार आणि किल्ल्या यांना हात लावायचा नाही. इथवर स्कॉट आवाज. लगेच पुढे "तरीही": मंडळीत ऐक्य राखणं, पाखंड दडपणं, सिनड बोलावणं, तिथे हजर राहणं, आणि जे ठरेल ते देवाच्या मनाप्रमाणे आहे की नाही ते पाहणं हे त्याचं कर्तव्य आहे. ज्या पार्लमेंटने ती सभा बोलावली, ज्याचे ३० लोक त्याच खोलीत बसलेले होते, त्याचंच हे वर्णन आहे. या परिच्छेदात सभा स्वतःच्या जन्माचा दाखला लिहीत होती. "तरीही" या एका शब्दाच्या अलीकडे एक फौज, पलीकडे दुसरी.

विसाव्या प्रकरणातही तेच. "विवेकाचा धनी एकटा देव" ही ओळ लोक आवडीने भिंतीवर लावतात. दोन परिच्छेद पुढे लिहिलंय की चुकीची मतं पसरवणाऱ्याला मंडळी आणि मुलकी सत्ता दोघीही जाब विचारू शकतात. क्रॉमवेलच्या फौजेतल्या लोकांना ती कोणासाठी आहे हे बरोबर कळलं. आणि चोविसाव्यात, सुधारलेल्या धर्माच्या माणसाने पोपपंथीयांशी लग्न करू नये, हे वाचताना लंडनमधल्या कोणाला राणी हेन्रिएटा मारिया आठवली नसेल?

डिसेंबर १६४६ मध्ये पुरा मजकूर पार्लमेंटपुढे गेला. पार्लमेंटने तो परत पाठवला: प्रत्येक विधानाखाली शास्त्रवचनं द्या. लोक समजतात ती वचनं सभेने भक्तिभावाने जोडली. जोडली ती खासदारांच्या हुकमावरून, बरीचशी कुरकुर करत, आणि एप्रिल १६४७ मध्ये सादर केली. तळटीपांतली काही वचनं ओढून-ताणून आणलेली वाटतात अशी तक्रार माझ्याकडे दरवर्षी यायची. दोष सभेच्या अभ्यासाचा नव्हे.

स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीने २७ ऑगस्ट १६४७ रोजी अंगीकार स्वीकारला, पण आपल्या घराची किल्ली राखून. ३१व्या प्रकरणात सत्ताधाऱ्याने सिनड बोलावण्याबद्दल जे आहे, ते ज्या मंडळ्यांचं शासन अजून घडी बसलेलं नाही त्यांच्यापुरतंच आम्ही समजतो, असं ठरावातच लिहून टाकलं. इंग्लंडच्या पार्लमेंटने जून १६४८ मध्ये त्याच मजकुरावर उलटी कात्री चालवली. ३०वं आणि ३१वं प्रकरण पूर्ण उडवलं, विसाव्यातला तो जाब विचारण्याचा परिच्छेद उडवला, विवाहाच्या प्रकरणातलं काही काढलं, आणि नावही बदललं. ज्याने पैसे देऊन लिहून घेतलं त्याने किल्ल्यांचं प्रकरण फाडून बाकीचं ठेवलं. ज्याच्या फौजेसाठी लिहिलं त्याने पूर्ण ठेवून वर आपली टीप जोडली. छापल्यापासून दोन वर्षांच्या आत एकाच अंगीकाराच्या दोन प्रती झाल्या होत्या. तुमची ट्रंक ही नवी गोष्ट नाही.

पुढचं भराभर सांगतो. डिसेंबर १६४८ मध्ये फौजेने पार्लमेंटमधून प्रेस्बिटेरियन खासदार हाकलले, ३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडवलं. १६६० मध्ये त्याचा मुलगा परत आला. बिशप परत आले, करार जल्लादाच्या हातून जाळला गेला, आणि १६६२ पर्यंत सुमारे २,००० पाळकांना इंग्लंडच्या मंडळ्या सोडाव्या लागल्या. इंग्लंडात अंगीकार सरकारी कागद म्हणून मेला. स्कॉटलंडात छळाची तीस वर्षं काढून १६९० मध्ये पार्लमेंटने तो पुन्हा कायद्याने मान्य केला.

तुमचं दुसरं पुस्तक येतं ते अमेरिकेतून. तिथल्या प्रेस्बिटेरियनांना १७२९ मध्येच तेविसावं प्रकरण घशाखाली उतरत नव्हतं. सिनडवर सत्ताधाऱ्याचा ताबा असा अर्थ आम्ही घेत नाही, असं त्यांनी तेव्हाच नोंदवलं. स्वातंत्र्यानंतर राजाच उरला नाही. १७८८ मध्ये त्यांनी २०, २३ आणि ३१ या प्रकरणांतला मजकूरच बदलला. आता सत्ताधारी हा यशयाच्या शब्दांतला पोशिंदा पिता झाला, आणि त्याचं काम एकच: कोणत्याही ख्रिस्ती पंथाला झुकतं माप न देता सगळ्यांचं रक्षण करणं. मला स्वतःला हा बदल मूळ "तरीही"पेक्षा प्रामाणिक वाटतो, हे लपवत नाही. माझे काही स्कॉटिश घडणीचे सहकारी यावर माझ्याशी शेवटपर्यंत भांडले.

आणि आता आपल्याकडे. जुन्या मजकुरातली ती गाठ स्कॉटलंडात सुटायची राहिली होती. १८३४ मध्ये ऑक्टरआर्डर गावात जमीनदाराने नेमलेल्या पाळकाला २८७ कुटुंबप्रमुखांनी नकार दिला; त्याला पाळक म्हणून बोलावणाऱ्या कागदावर सह्या होत्या अवघ्या दोन गावकऱ्यांच्या. कोर्टाने सांगितलं, नेमणूक कायद्याने झाली आहे, मंडळीला नाही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंनी एकाच अंगीकाराला कौल लावला: एकीने तेविसाव्याला, दुसरीने तिसाव्याला. १८ मे १८४३ रोजी एडिनबरोत पाळक जनरल असेंब्ली सोडून उठले, थोड्याच दिवसांत चारशेहून अधिक झाले, घर, पगार, चर्चची इमारत सगळ्यावर पाणी सोडून, आणि सरकारपासून मोकळं फ्री चर्च निघालं. ती बातमी मुंबईला पोचली तेव्हा तिथले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूला गेले. भारतातले स्कॉटलंडच्या मंडळीचे सगळेच मिशनरी गेले. विल्सन चालवत त्या शाळेची इमारत आणि नाव जुन्या मंडळीकडे राहिलं, आणि यांनी नव्याने मांडलेला संसार म्हणजे पुढचं विल्सन कॉलेज. दोन वर्षांनी नागपूरला आलेले मिशनरी हिस्लॉप त्याच फ्री चर्चचे. तेव्हा गिरगाव चौपाटीवरची ती दगडी इमारत बघताना हे लक्षात असू द्या, की तिच्या पायाखाली तीसाव्या प्रकरणाची पहिली ओळ आहे.

अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन मात्र त्या पाच जणांच्या, स्थानिक मंडळीवाल्यांच्या कुळातलं. आणि कोल्हापूरचं मिशन अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेलं, पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलेलं. म्हणजे त्याच्याकडचा अंगीकार १७८८ चा दुरुस्त. वेस्टमिन्स्टरच्या एका खोलीत एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं दोनशे वर्षांनी मराठी मुलखात अशी शेजारी-शेजारी येऊन राहिली. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यातले बरेच जण बिशपांसकट एका छपराखाली आले. बिशपांसकट! जेनी गेडीसने काय भिरकावलं असतं कोण जाणे.

तुम्ही लिहिलंय की आजोबा कोल्हापूरच्या मंडळीत वडील होते आणि आजीचं माहेर गिरगावातलं. माझा अंदाज, "झुकतं माप न देता" असलेलं पुस्तक आजोबांचं आणि सिनड बोलावणारं आजीबरोबर आलेलं. खात्री करायची तर तिच्या पुस्तकाची पहिली पानं चाळा. स्कॉटिश प्रतींत २७ ऑगस्ट १६४७ चा असेंब्लीचा ठराव बहुधा पुढेच छापलेला असतो, तो ३१व्या प्रकरणाबद्दलच्या टिपेसकट. ती टीप सापडली तर मला कळवा, आणि समासात कोणी पेन्सिलीने काही लिहिलंय का, तेही बघा.